काळ्यापांढऱ्या फोटोंबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रदर्शनात, लग्नकार्यात, फोनवर लोक मला साधारण तेच तेच विचारतात. उभ्याउभ्या नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथं सावकाश लिहिलंय. मी बेळगावातल्या शहापूरची. १९७६ पासून डार्करूममध्ये आहे. १९७९ पासून बेळगाव, खानापूर, हुक्केरी, गोकाक या तालुक्यांतली रानं, नद्या आणि देवळं काळ्यापांढऱ्या फिल्मवर टिपतेय.

तुम्हाला रंग आवडत नाहीत का?

खूप आवडतात. गल्लीत मागाचा आवाज ऐकत आणि साड्यांचे काठ बघत मी वाढले, मला रंगांचं वावडं कसं असेल? पण जुलैत जांबोटीच्या रस्त्याला लागलं की तो हिरवा रंग इतका अंगावर येतो की डोळा तिथंच तृप्त होतो आणि पुढचं काही बघत नाही. बांधाचा बाक, खाचरात साठलेल्या पाण्यावरचा उजेड, चिखलातल्या बैलांच्या पावलांच्या ओळी, हे सगळं त्या हिरव्याखाली बुडून जातं. माझ्या रंगीत फोटोत मला फक्त हिरवा दिसायचा. रंग बाजूला झाला तेव्हा बांध दिसला.

आणि बाजूला होतो म्हणजे तो नाहीसा होत नाही. प्रत्येक रंगाचा कुठला तरी करडा होतोच, आणि तो कुठला व्हावा हे आपल्याला ठरवावं लागतं. ४५ वर्षांहून जास्त काळ मी हेच काम करतेय. पुढं मातीच्या प्रश्नात, फिल्टरबद्दल (लेन्सपुढं लावायची रंगीत काच) लिहिताना ते सविस्तर सांगितलंय.

सुरुवात कशी झाली?

आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, स्टुडिओ होता. मुली दाखवण्यासाठी लागणारे फोटो, शाळेचे ग्रुप फोटो, पासपोर्ट, हीच रोजची कामं. दहावी झाल्यावर आप्पांनी मला आधी टचिंगला बसवलं. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे डाग भरायचे आणि प्रिंटवरचे धुळीचे पांढरे ठिपके बारीक ब्रशनं झाकायचे. दिवसभर भिंग लावून करड्याच्या छटा जुळवत बसायचं. गालाचा करडा वेगळा, कानामागचा वेगळा. तेव्हा कंटाळा यायचा. आज वाटतं, माझं सगळं शिक्षण त्या टेबलावर झालं.

१९७९ च्या उन्हाळ्यात आप्पांचा जुना आग्फा क्लिक थ्री घेऊन मी भावाबरोबर राजहंसगडावर गेले. त्या कॅमेऱ्यात १२० चा रोल बसायचा आणि बारा चौकोनी फोटो निघायचे. बारांपैकी अकरा वाया गेले. बाराव्यात येळ्ळूरच्या बाजूची नांगरलेली शेतं तिरप्या उन्हात कंगव्याच्या दातांसारखी उठून आली होती. आप्पांनी तो फोटो मोठा करून स्टुडिओच्या काचेत, नवरानवरीच्या फोटोंच्या मधोमध लावला. लोक विचारायचे, ह्यात माणूस कुठाय? आप्पा म्हणायचे, नांगरट बघा की, माणसानंच केलीय.

कॅमेरा कोणता वापरता?

१९८३ मध्ये जुना घेतलेला याशिका-मॅट १२४ जी. वरून खाली बघायचा, दोन लेन्सचा. ८० मिलीमीटरची एकच लेन्स, ती बदलता येत नाही. जवळचं हवं असेल तर चालत पुढं जायचं. त्याच्या काचेत चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे ओळखीची जागासुद्धा परकी होते आणि नीट बघावी लागते. ३५ मिलीमीटरचाही एक कॅमेरा आहे, पण तो सोबतीपुरता.

कॅमेऱ्यावर मी याहून जास्त बोलत नाही. चांगली तिपाई, म्हणजे कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड, घ्या.

फिल्म कुठून आणायचात? आता मिळते का?

सुरुवातीला बाहेरच्या फिल्मवर जकात जबर असायची आणि माल मुंबईहून यायचा, तोही कधी मिळायचा, कधी नाही. आमच्यासारख्यांचा आधार म्हणजे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंडू’. सरकारी कारखाना, १९६० मध्ये स्थापन झालेला आणि १९६७ पासून उत्पादन सुरू केलेला. इंडूच्या फिल्मवर आणि कागदावर या देशातल्या किती गावांची लग्नं, बारशी आणि एक्स-रे उमटले असतील! रंगीत लॅब आल्या, मग डिजिटल आलं आणि तो कारखाना बंद पडला. मला त्याचं आजही वाईट वाटतं. आपल्या देशात तयार होणाऱ्या कागदावर आपलं रान छापण्यात वेगळं समाधान होतं.

आता मी इलफर्डची एचपी ५ प्लस वापरते, ४०० आयएसओची. पावसाळी उजेडाला तीच पुरते. उन्हाळ्यात एफपी ४ प्लस. ३५ मिलीमीटरसाठी १०० फुटांचा डबा घेऊन घरीच रोल भरते. एका डब्यात ३६ फोटोंचे १८ रोल आरामात होतात.

तुमच्या फोटोत माती कधी पांढरी तर कधी काळी दिसते. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो.

आपल्या खानापूर भागात माती लाल आणि पावसाळ्यात बाकी सगळं हिरवं. डोळ्याला ते दोन टोकांचे रंग वाटतात. पण फिल्मला फक्त उजेड किती आला एवढंच कळतं, आणि लाल मातीवरून व भाताच्या पात्यावरून परत येणारा उजेड बऱ्याचदा जवळपास सारखा भरतो. १९८४ मध्ये कणकुंबीच्या अलीकडं मी रोपलावणीचा एक फोटो काढला. जागेवर ते दृश्य बघून मला हुंदका यायचा बाकी होता. रोल धुवून प्रिंट काढली तर सगळं एकसारखं राखाडी, रस्ता कुठं संपतो आणि शेत कुठं सुरू होतं तेच कळेना. टचिंगच्या टेबलावर आठ वर्षं काढलेल्या मला ते कळायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात मी त्याच जागी तिपाई लावून तीन फोटो काढले. एक तसाच. एक लाल फिल्टर लावून. त्यात मातीचा रस्ता साबुदाण्याच्या पापडासारखा फिकट आला आणि भात जवळजवळ काळं. तिसरा हिरव्या फिल्टरमधून. त्यात भात उजळलं, अंगणात वाळत घातल्यासारखं, आणि रस्ता गडद होऊन ओला, जड दिसायला लागला. फिल्टर आपल्या रंगाचा उजेड आत सोडतो आणि विरुद्ध रंगाचा अडवतो, एवढंच त्यामागचं तत्त्व. पण ते तीन फोटो शेजारी शेजारी वाळत टांगले तेव्हा मला कळलं की यातलं खरं कुठलं हे कॅमेरा सांगणार नाही. लावणी करणाऱ्या बायका त्या रस्त्यानं चिखल तुडवत घरी जात होत्या. त्यांच्या पायांना तो रस्ता जड होता. मी तिसरा ठेवला.

नवशिक्यांसाठी हिशेब: पिवळ्या फिल्टरला साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) जास्त उजेड द्यावा लागतो, नारिंगीला दोन, लालला तीन. आभाळ निळं असेल तर तिन्ही फिल्टर ते चढत्या क्रमानं गडद करतात आणि ढग उठून दिसतात. मात्र आषाढातल्या भरून आलेल्या आभाळावर फिल्टर चालत नाही. तिथं निळं काही नसतंच, मग अडवणार काय? पुष्कळजण लाल फिल्टर विकत घेतात आणि पावसाळ्यात निराश होतात.

पावसात कॅमेरा कसा सांभाळता?

छत्री धरायला दुसरं माणूस लागतंच. इतकी वर्षं तो माझा भाऊ होता, आता भाचा येतो. लेन्सवर थेंब पडला तर पुसायला जुनी धुतलेली सुती साडी, नवीन कापड पाणी टिपत नाही. घरी आल्यावर बॅग बंद ठेवायची नाही. कॅमेरा लाकडी कपाटात, आत १५ वॉटचा बल्ब आणि सिलिका जेलच्या पुड्या. जेल निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर भाजून परत निळं करायचं, पण जेवणाच्या तव्यावर नाही, त्यासाठी वेगळा ठेवा. माझी एक लेन्स मी गणपतीच्या गडबडीत ओल्या बॅगेत विसरले. पंधरा दिवसांत काचेच्या आत बुरशीचं जाळं पसरलं, ते कायमचं.

धुक्यात उजेड मोजणाऱ्या मीटरवर पूर्ण विश्वास ठेवू नका. मीटर सगळ्याचा मधला करडा करू बघतो, त्यामुळे पांढरं धुकं मळकं येतं. एक स्टॉप जास्त द्या. आणि दाट रानात शटरची उघडझाप लांबली की फिल्म थकते, उजेड कमी टिपते. एचपी ५ ला मीटर दहा सेकंद सांगत असेल तर मी वीस देते.

बाईमाणूस असून एवढ्या रानात कशा फिरता?

पहिली दहा वर्षं भाऊ सोबत असल्याशिवाय घरातून परवानगी नव्हती. नंतर गावोगावच्या बायकांनीच सांभाळलं. कुणाच्या पडवीत कपडे वाळवले, कुणाच्या चुलीपाशी रोलचे डबे ठेवले. आज मी सगळ्यांना, बाई असो वा बुवा, एकच सांगते: गावातलं माणूस सोबत घेतल्याशिवाय खानापूरच्या रानात जायचं नाही. अस्वलं आहेत. भीमगडच्या जंगलाला २०११ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळालाय, तिथं वनखात्याची परवानगी काढावी लागते आणि काढावीच.

तुमच्या नेहमीच्या जागा कोणत्या?

मी नवीन जागा फार शोधत नाही, त्याच त्याच जागी परत जाते.

कणकुंबी, माऊलीच्या देवळाशी, जिथं मलप्रभा उगम पावते. हे पाणी पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळतं आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. त्याच खानापूर तालुक्यातली म्हादई मात्र पश्चिमेला वळून गोव्यातून अरबी समुद्राला मिळते. पावसात त्या माथ्यावर उभं राहिलं की पायाखालचा कुठला थेंब कुठल्या समुद्राला जाणार, याचा विचार मनात येतोच. हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ. बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ ची कमल बस्ती. तिथले गुळगुळीत खांब दुपारच्या आत बघावेत, आडव्या उजेडात ते लोण्यासारखे दिसतात.

आणि हुन्नूरचं विठ्ठल मंदिर. हिडकल धरणाच्या पाण्यात ते बुडालेलं असतं. पाणी उतरलं की उन्हाळ्यात वर येतं. आधी कळस, मग हळूहळू भिंती, मग भेगाळलेला चिखल. मी त्याच दगडावर तिपाई लावून २२ उन्हाळे फोटो काढलेत. काही वर्षी पाणी पुरतं उतरलंच नाही, तेव्हा नुसता कळस मिळाला. मला ती मालिका माझ्या सगळ्या कामात जवळची वाटते, कारण तिथं मी काहीच निवडत नाही. पाणी किती दाखवायचं ते पाऊस ठरवतो.

गोकाकचा धबधबा दुधासारखा पांढरा कसा काढायचा?

तो दुधासारखा नसतोच. ऑगस्टात घटप्रभा माती घेऊन येते, पाणी चहाच्या रंगाचं असतं आणि ५२ मीटरवरून पडताना त्याचा गडगडाट छातीत जाणवतो. शटर एक-दोन सेकंद उघडं ठेवलं की पाण्याचा रेशमी पडदा होतो. दिसायला छान, पण गोकाकचं पाणी रेशमी नाही. मी सेकंदाच्या २५० व्या हिश्श्याला काढते, म्हणजे पाण्याचे गोळे, तुटलेल्या दोऱ्या, उडालेला तुषार वेगळा दिसतो. फेब्रुवारीत धार बारीक झाली की मग खुशाल लांब शटर वापरा.

डेव्हलपर घरी करता म्हणे?

हो, फिल्मवर चित्र उमटवणारं हे रसायन मी घरीच करते, डी-७६ नावाचं. आप्पा करायचे तसंच. एक लिटरसाठी मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. बोरॅक्स म्हणजे टाकणखार. दोन ग्रॅम मोजायला आप्पांनी सोनाराकडून जुना तराजू आणला होता, तो अजून माझ्याकडं आहे. पाणी सोसेल एवढं गरम हवं आणि मेटॉल आधी विरघळवायचं. सल्फाइटनंतर टाकलं तर ते विरघळता विरघळत नाही. हातमोजे घाला. मेटॉलनं आप्पांच्या बोटांची कातडी वर्षानुवर्षं सोलत होती आणि आम्ही त्याला साधी खाज समजत होतो.

तापमानाचं विचाराल तर पुस्तकांत २० अंश लिहिलेलं असतं. आमच्याकडं एप्रिलमध्ये टाकीचं पाणी तीसला टेकतं. बर्फ टाकून चालत नाही. रसायन पातळ होतं आणि गरम-थंडाचा झटका बसला तर फिल्मचा थर सुरकुततो. आप्पांची युक्ती अशी: खानापूरचा माठ. रात्री भरून खिडकीत ठेवायचा, पहाटे पाणी २३-२४ ला आलेलं असतं. डेव्हलपर, फिक्सर, धुवायचं पाणी सगळं त्याच तापमानाला आणायचं आणि वेळ कमी करायची. एचपी ५ ला २० अंशाला साडेसात मिनिटं, तर २४ ला सव्वापाचच्या आसपास. उन्हाळ्यात माझी डार्करूम पहाटे साडेचारला सुरू होते.

वापरलेला हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारा फिक्सर, मोरीत ओतू नका. त्यात फिल्ममधली चांदी उतरलेली असते. पूर्वी ती काढण्यासाठी हायपो विकत घेणारे स्टुडिओंच्या दारात यायचे.

ॲन्सेल ॲडम्सची झोन सिस्टीम पाळता का?

तत्त्व पाळते. अमेरिकन छायाचित्रकार ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९-४० मध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या बांधून दिल्या, आणि गडद भागाकडं बघून उजेड मोजायचा, उजळ भागाकडं बघून धुण्याची वेळ ठरवायची, हे शिकवलं. पण बारा फोटोंच्या रोलवर प्रत्येक फोटो वेगळा धुता येत नाही. म्हणून मी उन्हाचे आणि पावसाचे रोल वेगळे ठेवते. पावसाळी रोलला धुताना दीड-दोन मिनिटं जास्त देते, म्हणजे त्या मऊ उजेडाला थोडं हाड येतं.

मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट केलं तर चालेल?

चालेल की. फक्त तयार बटण दाबून थांबू नका. लाल आणि हिरव्याच्या पट्ट्या वेगवेगळ्या सरकवून बघा, तेच माझे फिल्टर. आणि वर्षातून दहा तरी फोटो कागदावर काढा.

फोटोखाली बेळगाव लिहिता की बेळगावी? मराठीत लिहिता की कन्नडमध्ये?

१ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे. मी मराठीत लिहिताना बेळगाव लिहिते, कारण माझ्या तोंडात तेच आहे. जागेचं नाव तिथं राहणारा माणूस जसं उच्चारतो तसं लिहायचं, हा माझा नियम आहे. हुक्केरी-गोकाककडचे फोटो दाखवताना खाली कन्नड ओळही असते, ती शेजारच्या अक्का तपासून देतात. ज्यांच्या शेताचा फोटो आहे त्यांना तो वाचता यायला हवा. या प्रश्नावर माझं मत जरूर आहे, मराठी शाळा टिकल्या पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, आणि हलशीचं देऊळ दोन्ही भाषांचं आहे असंही वाटतं.

प्रिंट विकत मिळते का?

मिळते. बारा बाय बारा इंच, फायबर कागदावर, सेलेनियम टोन केलेली. एका प्रिंटला माझा अख्खा दिवस जातो, त्यातला तासभर नुसता धुण्यात. घाई असेल तर घेऊ नका.

जुन्या निगेटिव्ह भिजल्या किंवा बुरशी आली तर काय करायचं?

हे लक्ष देऊन वाचा, कारण मी चुकले आहे.

२०१९ च्या ऑगस्टात एका रात्री आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी आलं. निगेटिव्हच्या अकरा पेट्या खालच्या फळीवर होत्या. सकाळी घाबरून मी पहिली पेटी उघडली, पाकिटं चादरीवर पसरली आणि वर पंखा लावला. संध्याकाळपर्यंत प्रत्येक पाकिटाचा कागद फिल्मला चिकटून एक झाला होता. ओढला की चेहरा कागदाबरोबर निघून यायचा. १९८० ते ८२ ची लग्नं त्यात गेली, आणि माझे पहिले कणकुंबीचे रोल.

रात्री उशिरा माझ्या लक्षात आलं की फिल्म आपण ओलीच तर धुतो, तिला पाण्याचं भय नाही, अर्धवट वाळण्याचं आहे. उरलेल्या दहा पेट्यांसाठी घरातल्या बादल्या, टब, कळश्या सगळ्या स्वच्छ थंड पाण्यानं भरल्या. निगेटिव्ह पाण्यातच ठेवून पाकीट पाण्याखालीच हळू सोडवलं, दोन-तीनदा पाणी बदललं आणि एकेक पट्टी कपड्यांच्या चिमट्यानं दोरीला टांगली. दोन दिवस, दोन रात्री. भाची, भाचा, समोरच्या घरातल्या दोन मुली, सगळे बसले होते. बरंच वाचलं. गरम पाणी घेऊ नका, थर सुटतो. आणि दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात ठेवू नका.

बुरशीचं उलट आहे. बुरशी लागलेला थर पाण्यात विरघळतो, म्हणून त्याला पाणी अजिबात लावायचं नाही. कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, कोरड्या जागी हलवा आणि लगेच स्कॅन करून घ्या.

आमच्या आजीचा फोटो तुमच्या आप्पांच्या स्टुडिओत काढला होता. निगेटिव्ह मिळेल का?

आठवड्यातून एकदा तरी हे कुणीतरी विचारतं. फोटोच्या मागं कोपऱ्यात पेन्सिलीनं एक आकडा असेल, तो कळवा. आप्पांच्या वहीत तोच आकडा, साल आणि नाव आहे. आकडा पुसला असेल तर अंदाजे साल सांगा, आणि मागचा पडदा कसा होता ते सांगा: कमान आणि जिन्याचा पडदा १९७१ पर्यंत होता, त्यानंतर तळ्याचा. पहिल्या पेटीतली वर्षं गेली आहेत, बाकी शोधते. सापडली तर प्रिंट काढून देते, तिचे पैसे घेत नाही. पावसाळ्यात मी पेट्या उघडत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये विचारलंत तर दसऱ्यानंतर कळवेन.